निकालाच्या दिवशीची बट्टी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधी माफी मागते. चौथीला शाळा सुटली ती सुटलीच. ही वही नातीची अर्धी उरलेली आहे. कोणाच्या हाती लागली तर चुकांना हसा, पण लिहिलं आहे ते घडलेलं आहे.

मी आणि माझी मोठी जाऊबाई, आम्ही धुळ्याकडे लग्नकार्यात वरण-बट्टीचा स्वयंपाक करतो. बोलणं जाऊबाई करते. मी मागे चुलीशी. परक्या माणसासमोर माझं तोंडच उघडत नाही. लोक विचारतात, "ही मुकी शे का?" जाऊबाई म्हणते, "नही, ती हातघाई बोलस." म्हणजे हातांनी बोलते.

मागच्या आमदारकीच्या निवडणुकीला आमच्या गावातला एक तेलघाणीवाला अपक्ष उभा राहिला. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. त्यांच्या पुतण्याने प्रचारातल्या माणसांचं जेवण आम्हाला दिलं. रोजचे पैसे रोज मिळायचे, त्यात खोट नव्हती. मग निकालाच्या दिवशीचं मोठं जेवण ठरलं. गाव जेवणार, वर बुंदी. पुतण्या म्हणाला, "काकू, आता हात रिकामा आहे. तुम्ही सामान भरा, गुलाल उडाला की लगेच पैसे."

आम्ही आमच्या बचत गटातून पैसे उचलले. त्यात शेजारणीचेही होते. तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं, दुकानात जाऊन रंगसुद्धा बघून आली होती. ती म्हणाली, "ने वं, आठ दिवसांत परत येतीलच."

बट्टीचं एक असतं. कणीक मळून वळ्या उकडून ठेवल्या तर त्या दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतात. पण एकदा कापल्या आणि तळल्या, की तेव्हाच खायच्या. म्हणून लग्नात वरात दारात आल्याशिवाय आम्ही कढई चढवत नाही. त्या दिवशीही वळ्या उकडून फडक्याखाली झाकून ठेवल्या होत्या. मंगल कार्यालयात टीव्ही लावलेला. भाऊ पुढे होते. प्रत्येक फेरीला पोरं शिट्ट्या मारायची.

दुपारी पुतण्याचा मतमोजणीवरून फोन आला. "काकू, कापा! तळा! आता काही मागे जात नाही. मिरवणूक निघते आहे."

जाऊबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, की थांबू या. ती म्हणाली, "अवं, मालक सांगस तर आपन कोन?" आणि विळ्या चालू झाल्या. परातीच्या पराती तळून झाल्या. वरण उकळत होतं, बुंदीवर वेलची पडली होती.

मग डोंगराकडच्या गावांच्या पेट्या उघडल्या. पुढच्या फेरीत भाऊंची आघाडी कमी झाली, त्याच्या पुढच्या फेरीत ते मागे पडले. टीव्हीसमोरची पोरं एकेक करून चपला शोधायला लागली. वाढणारेही गेले. पुतण्याचा फोन बंद. बाहेर टेम्पोवर भाऊंचा फोटो तसाच हात जोडून उभा होता.

तळलेल्या बट्ट्यांकडे बघून मला शेजारणीचं मशीन आठवत होतं. रडू येत नव्हतं. मी परातींवर फडकी टाकत राहिले.

अंधार पडायच्या आधी भाऊ एकटे आले. कपाळावर कोणीतरी आधीच लावलेला गुलाल होता, तो पुसायचाही राहिला होता. सतरंजीवर मांडी घालून बसले. वाढायला कोणी नव्हतं, म्हणून मीच पदर ओढून ताट घेऊन गेले. त्यांनी बट्टी कुस्करली, वरण ओतलं, दोन घास खाल्ले.

"बट्टी चांगली व्हयनी, ताई," म्हणाले. मग मागे पाहिलं. "इतका सयपाक? पैसा कोनी दिधा?"

जाऊबाई मागून म्हणाली, "तुमना पुतन्यानी कबूल करेल व्हता, भाऊ. पैसा आमना गटना शे. गरीब बायांना शे."

भाऊंनी हातातला घास ताटात ठेवला. सगळे पैसे द्यायचं कबूल केलं. म्हणाले, "माले म्हाईत नव्हतं. देसू. बठ्ठा देसू. टाईम लागी."

तेवढ्यात रस्त्यावरून जिंकलेल्यांची मिरवणूक आली. ढोलवाले सकाळपासून उपाशी, हे त्यांच्या हातांवरून कळत होतं. भाऊ म्हणाले, "अक्का, त्यास्ले बलाव. अन्न टाकू नका."

जाऊबाई फाटकात जाऊन ओरडली, "ओ गुलालवाले! जेवीसन जा! कोनी हारो, कोनी जिको, वरन गरम शे!"

आधी ढोलवाले आले, मग बाकीचे. त्यात प्रचारभर आमच्याच पंगतीला बसलेले चेहरे होते, गालावर आता दुसऱ्याचा गुलाल. एकाने भाऊंना पाहिलं आणि ताट उचलून खांबाआड गेला. जाऊबाई त्याच्यामागे वरण घेऊन गेली. "लाज नको वाटू दे रे, तुले दोन वाटी लागतस, माले ठाऊक शे." भाऊसुद्धा हसले. मग तेच बुंदी वाढायला उठले.

पैशाचं मात्र लवकर झालं नाही. भाऊंच्या डोक्यावर टेम्पोवाले, मांडववाले, छापखानेवाले सगळेच होते. पुतण्या पुण्याला निघून गेला. गटाच्या बैठकीत बायका बोलायच्या, "निवडनूक गई, आते कोन वळखस?" शेजारीण हाताने ब्लाउज शिवत बसायची, त्याचंच मला जास्त लागायचं. मी पापडाची कामं धरली आणि जमेल ते गटात भरत गेले.

भाऊ येत राहिले. कधी थोडे पैसे, कधी तेलाचा डबा बाजारभावाने. एका पावसाळ्यात घाणी बंद होती, तेव्हा नुसतेच आले आणि ओट्यावर पाणी पिऊन गेले. "आज काही नही, ताई. तोंड दखाडाले उनू." मला त्या दिवशी त्यांचं फार वाईट वाटलं. तोंड लपवणारे मी पुष्कळ पाहिले होते.

असे थोडे थोडे परत आलेल्या पैशांतून शेजारणीचं मशीन मध्येच कधीतरी आलं. आधी पाहिलेला रंग मिळाला नाही, काळंच घ्यावं लागलं.

आता पुन्हा निवडणूक लागली. मागच्या आठवड्यात एका उमेदवाराचा माणूस जेवण ठरवायला आला. निकालानंतर पैसे देतो म्हणाला. जाऊबाई बाजारात गेली होती. मी पदर सावरला आणि म्हणाले, "आधी सामान आणून द्या. आणि बट्टी निकाल लागल्यावरच कापू." माझाच आवाज मला परका वाटला. तो माणूस हो म्हणून गेला.

भाऊ या वेळी उभे नाहीत. लोकांनी उभं राहा म्हटलं होतं त्यांना. ते काल संध्याकाळी सायकलवर आले, खिशातून रुमालात बांधलेल्या नोटा काढून जाऊबाईच्या हातावर ठेवल्या. "मोजी ल्या, अक्का. एवढाच बाकी व्हता."

जाऊबाईने मोजल्या नाहीत. आम्ही दोघी तशाच शेजारणीकडे गेलो आणि मशीन थांबवून तिच्याकडून मोजून घेतल्या. बरोबर होत्या. गटाचे सगळे पैसे फिटले.