चुलवाणापाशी मी थांबलो होतो

"तुझाच आहे ना? मग तूच डिलीट कर. हार्ड डिस्क भरलीय."

सर हे चहा पिता पिता म्हणाले. रागानं नाही, हे मुद्दाम लिहितो. रागावले असते तर काहीतरी वाईट चाललंय एवढं तरी मला कळलं असतं.

शाहूपुरीत एका अरुंद जिन्यावरचा स्टुडिओ. ऑपरेटर उठला आणि त्यानं मला त्याच्या खुर्चीत बसवलं. समोर पडद्यावर माझा आवाज हिरव्या रेघांत पसरला होता. बोललो तिथं रेघा उंच, गप्प बसलो तिथं सपाट. ऑपरेटरनं कुठली कळ ते दाखवलं. मी दाबली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की काढायचं का? त्या खोलीत मला काही विचारणारा तेवढा एकच होता. मी होय म्हटलं.

रेघा गेल्या. सर म्हणाले, "शाब्बास."

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. उचगावच्या आमच्या बौद्धवाड्यातून कॉलेजात गेलेला, आमच्या घरातला पहिलाच. सरांनी गुळावर अर्ध्या तासाची फिल्म करायला घेतली होती. कॉलेजच्या कार्यक्रमात ती दाखवायची होती. गावातले गुळाचे व्यापारी येणार होते. सर वर्गात म्हणाले, गुऱ्हाळ आतून कुणी बघितलंय? मी हात वर केला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

माझे वडील, आमचे दादा, गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालायचे. वर काहिलीत रस उकळतो, खाली चुलवाण पेटलेलं. त्यात वाळलेली चिपाडं सारखी कोंबायची. हंगामभर तेच. धुरानं त्यांचा आवाज बसत गेला. मग खोकला लागला. शेवटच्या महिन्यात आवाज गेलाच. दादा खुणा करायचे. बारावीचा निकाल मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला. त्यानंतर आठ दिवसांनी गेले. त्यांचा फोटोसुद्धा मतदानाच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. आवाज ठेवायची सोय आमच्याकडं कुठली?

फिल्मचं निवेदन मी लिहिलं. सरांनी चार शब्द बदलले आणि म्हणाले, "वाच तूच. स्टुडिओत ये." मी रोज संध्याकाळी आई भाकरी थापत असताना तिला ते वाचून दाखवायचो. त्यात एक वाक्य होतं: 'सगळे काहिलीकडे बघतात, चुलवाणापाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा कुणी बघत नाही.' त्यानंतर माझ्याच्यानं लगेच पुढं जाववत नव्हतं. रोज तिथं थांबायचो. आई भाकरी परतायची विसरायची.

स्टुडिओतही तिथं थांबलो. ऑपरेटर काचेपलीकडून बघत होता. मला वाटलं, आता परत वाचायला लावणार. त्यानं हातानंच, चालू ठेव, अशी खूण केली. वाचून झाल्यावर त्यानं हेडफोन माझ्या डोक्यावर घातला. "ऐक."

आपला आवाज आपण बाहेरून कधी ऐकलेला नसतो. पहिल्यांदा वाटलं, चुकून दुसऱ्याचं लावलंय. घोगरा, जाड, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. मग ओळख पटली. दादा. धुरानं आवाज बसायच्या आधीचे दादा, मी लहान असताना दारातून हाक मारणारे. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. ऑपरेटरला वाटलं, मला ऐकू येत नाही. त्यानं आवाज वाढवला.

घरी पळत गेलो. "आये, माझ्या आवाजात दादा हाईत. कॉम्प्युटरवर ऐकलं. खरंच."

आई भांडी घासत होती. हात तसाच राखेत. म्हणाली, "मला ऐकू येतील?"

"कार्यक्रमाला ये. सगळ्यांसमोर लागणार हाय."

पुढच्या आठवड्यात सरांनी पुन्हा स्टुडिओत बोलावलं. तेव्हा कळलं. मी वाचलेलं नुसतं पायलट होतं. पायलट म्हणजे कच्चा आवाज. चित्राशी वेळ जुळवायला आधी कुणाकडून तरी वाचून घेतात. मग खरा निवेदक तो कानात ऐकत, त्याच मापानं वाचतो. कच्चा आवाज पुसतात. खरे निवेदक म्हणून शहरातले एक गृहस्थ येऊन वाचून गेले होते. माझ्याच आवाजाच्या मागोमाग.

मी विचारलं, "सर, माझा चुकला का?"

"चुकला नाही रे. पण निवेदनाला घरंदाज आवाज लागतो. तुझा कसा, हाळी घातल्यासारखा."

माझ्या आजोबांनी धर्मांतराच्या वर्षी गावकीचं काम सोडलं होतं. कुणी मेलं की सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, वेशीत उभं राहून हाळी द्यायची, ते काम. चाळीसहून जास्त वर्षं मध्ये गेली. मी कॉलेजात आलो. सरांच्या कानाला मात्र तीच हाळी ऐकू आली.

आणि मग ते चहा पिता पिता म्हणाले, तूच डिलीट कर.

एक कॅसेट भरून द्या म्हणायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते. पण सर समोर होते, आणि सरांना नाही म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

आईला सांगायचं धाडस झालं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तिनं कामावरून सुट्टी घेतली. पांढरं लुगडं नेसली. बसमध्ये मला म्हणाली, "पुढं बसायचं का मागं? मला ऐकू आलं पायजे." आम्ही मागं बसलो. दिवे गेले. फिल्म सुरू झाली. आवाज आला. गोड, गुळगुळीत.

आई माझ्याकडं वळली. "ह्यो कोण बोलतोय?"

मी पडद्याकडं बघत राहिलो.

"ह्यो न्हवं. तुझं दादा कवा येणार?"

पडद्यावर चुलवाण पेटलं. ते वाक्य आलं. आणि तो आवाज थांबला. जितका मी थांबलो होतो तितकाच. आईनं माझं मनगट धरलं. "हितं तर तू थांबतोस," ती म्हणाली. मनगट सोडलं नाही.

नंतर व्हरांड्यात चहा होता. शाल-नारळ घेतलेल्या त्या गृहस्थांना एक व्यापारी सांगत होते, "त्या चुलवाणापाशी काय थांबलाय राव! काटाच आला की अंगावर."

गृहस्थ हसले. "ते आतनंच यावं लागतं बघा."

तेवढ्यात सर आमच्याकडं आले. "मावशी, पोरगं कामाचं आहे हो तुमचं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "पुढच्या महिन्यात दुसरी फिल्म आहे. पायलट तूच वाच. तुझं थांबणं त्यांना फार उपयोगी पडलं."

मनगटावर आईचा हात होता.

"न्हाय वाचणार, सर."

"काय?"

"ते थांबणं माझ्या वडलांसाठी होतं. ते परत द्या. मग वाचतो."

सर हसले. "अरे वेड्या, थांबणं कसं परत देणार?"

"मग मी बी देणार न्हाय."

त्यांचा हात खांद्यावरून निघाला. त्यानंतर सरांनी वर्गात माझ्याकडं कधी बघितलं नाही. मी तिसऱ्या बाकावरून हलून पहिल्यावर बसलो.

परत जाताना बसमध्ये मी आईला सांगितलं, माझा आवाज पुसला गेला. तिनं एकच विचारलं. "कुणी पुसला?"

"म्या."

उचगाव येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. घरी गेल्यावर तिनं चूल पेटवली आणि धूर डोळ्यांत गेला म्हणाली. त्या दिवशी लाकूड वाळलेलं होतं.

पुढं मी अनेकदा रेकॉर्ड करून बघितलं. मोबाइल आले तेव्हा त्यावरही. दादा पुन्हा आले नाहीत. कदाचित वय वाढलं की आवाज बदलतो. कदाचित त्या दिवशी ऐकलं ते तेवढंच होतं आणि ते मी माझ्या बोटानं काढून टाकलं. ह्याला माफी नाही. मी मागतही नाही.

पण माझा आवाज कच्चा म्हणून आता कुणाला मिळणार नाही. माझं लिहिलेलं मीच वाचणार, घोगरं. चुलवाणापाशी मी थांबणार. मी थांबलो की ऐकणाऱ्यांनीही थांबायचं. आणि पुन्हा कुणाला माझा आवाज पुसायचा झाला, तर त्यानं स्वतःचं बोट वापरावं. माझं मिळणार नाही.