ठोक्याची मोजणी

ठोक्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं, माणसांच्या तोंडी मात्र हेच. शाळेत त्याने बाकावरच्या सोबत्याचा दात पाडला, कॉलेजात खाणावळीच्या मालकावर स्टूल उगारलं, नोकरी लागल्यावर गाडी आडवी लावणाऱ्या एका गृहस्थाला त्याच्याच बॉनेटवर आडवं केलं. दरवेळी त्याच्याकडे कारण असायचं. चीड येते ती याचीच, की ते कारण बहुधा खरं असायचं.

असा माणूस पोटासाठी करत काय होता, तर मोजत होता. एका दांडग्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने वाटे पाडून त्यात बऱ्याच आभासी मशीन चालवायच्या, हा कंपनीचा धंदा. प्रत्येक मशीनला वाटतं, प्रोसेसर आपल्याच बापाचा. खरं तर तो सगळ्यांना पाळीपाळीने मिळतो. प्रोसेसरच्या पोटात काउंटर असतात, प्रोग्रामच्या किती सूचना पार पडल्या ते मोजणारे. ते वाचून कोणाचा प्रोग्राम कामसू आणि कोणाचा नुसताच खादाड, हे ठोक्या सांगायचा. त्याच्या शब्दावर माणसं टिकायची नाहीतर घरी जायची.

त्याच कंपनीत त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. ठोक्यानेच त्याला चिकटवला होता. या मेहुण्याच्या प्रोग्रामचा आकडा अपेक्षेच्या तिप्पट आला आणि साहेबांनी भर बैठकीत त्याला उभं केलं.

"भाऊजी, तुमचा काउंटर शेजारच्या मशीनचं काम माझ्या नावावर टाकतोय," मेहुणा म्हणाला. "एकदा तपासून तर बघा."

कोणीतरी फिसकन हसलं. ठोक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बैठक उठेपर्यंत त्याने कसाबसा दम धरला आणि बाहेरच्या बोळात मेहुण्याची कॉलर पकडली.

"मला मोजायला शिकवतोस? दात घशात घालीन!"

आणि घातलेच. पहिल्या गुद्द्यात मेहुण्याचं डोकं लोखंडी कपाटाच्या कडेवर आपटलं, दुसऱ्यात जबडा कडाडला. तो खाली पडला तरी याची लाथ थांबेना. बरगडीत, पोटात, परत बरगडीत. मेहुणा हात जोडत होता, तोंडातून शब्दाऐवजी रक्ताचे बुडबुडे येत होते. चौघांनी मिळून ठोक्याला मागे ओढला, तेव्हा त्यातल्या एकाचा चष्माही गेला.

मेहुण्याने पोलिसांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. बहिणीचा संसार त्याच्या डोळ्यांपुढे असणार. साहेब तर महाबेरकी. "भांडण तुमच्या घरचं, आकडा कंपनीचा," ते ठोक्याला म्हणाले. "पोराला उद्या काढून टाकतो."

बायको दवाखान्यातून फोनवर एवढंच म्हणाली, "त्याचा जबडा तारेने बांधलाय."

"खोटं बोलला म्हणून मार खाल्ला. आत्ता सिद्ध करतो," ठोक्या गुरगुरला. मनातून तो हादरला होता, म्हणून आवाज जास्तच चढला होता.

तो मोजायला बसला. ज्याच्या सूचना किती ते आधीच ठाऊक आहे असा एक चिमुकला प्रोग्राम त्याने मेहुण्याच्या मशीनमध्ये चालवला. शेजारची मशीन निवांत होती, आकडा बिनचूक आला. मग शेजारच्या मशीनवर मुद्दाम भरपूर काम लादलं आणि तोच प्रोग्राम परत चालवला. आकडा टम्म फुगला.

ठोक्याच्या तोंडचं पाणी पळालं. मशीनची पाळी संपली की काउंटर थांबवायचा, आकडा तिच्या नावाने जपून ठेवायचा, पाळी परत आली की तिथून पुढे मोजायचं. हे त्याने केलंच नव्हतं. सर्व्हर रिकामा असताना त्याने आपली मोजणी पारखली होती. शेजारीच नव्हते तर चूक दिसणार कशी? आणि पुढे सर्व्हर गजबजल्यावर परत पारखायची याला गरज वाटली नव्हती, कारण हा पडला ठोक्या! त्याने काउंटर पाळीप्रमाणे थांबवला आणि मेहुण्याचा प्रोग्राम परत चालवला. मेहुण्याचा आकडा जिथे असायला हवा तिथे येऊन बसला.

त्याने समोरच्या पडद्यात मूठ घातली. काच बोटांत शिरली. आकडे पुसून टाकले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि तो विचार त्याच्या मनात आलाही. पण तशाच रक्ताळलेल्या हाताने तो साहेबांपुढे उभा राहिला आणि सगळं ओकला. साहेबांनी मेहुण्याला ठेवलं, याला काढलं.

दवाखान्यात बायको भावाच्या उशाशी बसली होती. ठोक्या पायथ्याशी उभा राहिला.

"तुझा प्रोग्राम चोख आहे," तो म्हणाला. "मोजणी माझी चुकली. तुझी नोकरी राहिली, माझी गेली. तू निर्दोष होतास रे. तुझ्यावर हात टाकायला नको होता मी."

एवढं बोलून त्याला जरा हलकं वाटलं. मेहुण्याने मान वळवली. एक डोळा सुजून मिटला होता. बांधलेल्या दातांतून शब्द एकेक करून बाहेर आले.

"आणि चूक माझी असती तर, भाऊजी?"

ठोक्याने बायकोकडे पाहिलं. तीही उत्तराचीच वाट बघत होती.