सभा उठली, बाई बसून राहिल्या

सगुणाबाईंना मी प्रथम पाहिले ते जालन्याच्या मिशनशाळेच्या ओसरीवर. मी शिक्षिका म्हणून रुजू व्हायला भोकरदनहून आले होते. त्या तेथे मुख्य शिक्षिका, सर्वांच्या ‘मोठ्या बाई’. त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि विचारले, “तुम्हाला शिकवणं आवडतं, की मुली आवडतात?”

“दोन्ही,” मी झटकन म्हणाले.

“इतकी घाई नको. आठ दिवसांनी सांगा.”

आठ दिवसांनी त्यांनी खरोखरच विचारले. तोवर मला कळून चुकले होते की मुलींची मला भीती वाटते. तसे सांगितल्यावर त्या हसल्या. “छान. आता शिकवायला लागा.”

बाईंच्या साठाव्या वर्षानिमित्त आपली ख्रिस्ती मंडळी हा ग्रंथ काढीत आहे. त्यांच्या शाळेविषयी, त्यांनी घडवलेल्या मुलींविषयी इतर लिहितीलच. मला त्यांच्या आयुष्यातल्या एका गोष्टीचे इतक्या वर्षांनीही कुतूहल वाटते, तेवढीच लिहिते.

एका हिवाळ्यात मिशनच्या आवारात श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या संजीवन सभा भरल्या होत्या. वक्ते पाहुणे पुण्याकडचे, मोठे भाविक. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारले, “नावापुरते ख्रिस्ती राहण्यात समाधान मानू नका. प्रभू भरपूर जीवन देऊ करतो आहे. ज्यांना ते हवे असेल त्यांनी उभे राहावे.” मंडळीचा कारभार पाहणारे वडील, थोमाजी, पहिल्या रांगेतून उठले. आपल्याकडे पाटील उठला, तहसीलदार उठला, की कोणी बसून राहत नाही. हाडात मुरलेली सवय आहे ती. पाहता पाहता सगळा मंडप उभा राहिला. झोपलेली लेकरेसुद्धा आयांनी काखेत उचलली. पाहुण्यांचे डोळे भरून आले.

सगुणाबाई तेवढ्या सतरंजीवर बसून होत्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मागून एक म्हातारी वाकून म्हणाली, “बाई, उठा की जल्दी! पाय धरले काय?”

“पाय बराबर आहेत, आजी,” बाई म्हणाल्या, आणि बसूनच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी थोमाजी शाळेत आले. “बाई, समदी मंडळी उठली अन् तुमीच न्हाई. पोरींनी काय शिकावं?”

“थोमाजी, तुम्ही का उठलात?”

“घ्या! पाहुन्यांनी इचारलं. मान ठेवावा का न्हाई?”

“मान मीही ठेवते. पण पाहुण्यांनी स्वतःसाठी थोडंच विचारलं होतं? माझ्यात कमी काय आहे तेच मला कळलेलं नाही. कळल्याशिवाय हवं कसं म्हणू?”

थोमाजींना हे पटले नाही, मंडळीच्या पंचांनाही नाही. जिला भरपूर जीवनाची ओढ नाही, तिने मुलींची प्रार्थना कशी चालवावी? ईस्टरपर्यंत बाईंनी उत्तर द्यावे, नाहीतर शाळा सोडावी, असे ठरले. बाई विधवा, मूलबाळ नाही. शाळा हेच त्यांचे घर. मी रागावून बोलू लागले तर मलाच म्हणाल्या, “अगं, त्यांचं विचारणं रास्त आहे. उत्तर माझ्याकडे नाही, त्याला ते काय करणार?”

आणि त्या शोधाला लागल्या. पाहुणे पुन्हा जालन्यावरून जाणार होते, तेव्हा त्यांना गाठायला त्या स्टेशनवर गेल्या आणि विचारले, “भरपूर जीवन म्हणजे काय, आणि माझ्यात कमी काय आहे?” ते प्रामाणिकपणे म्हणाले, “हा प्रश्न मला उलट कोणी विचारलाच नव्हता.” दवाखान्यातल्या आजाऱ्यांना विचारले, स्वैपाकिणीला विचारले, मुलींना विचारले. विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर चिंता नसे. नव्या गावाची वाट विचारणाऱ्या माणसाची उत्सुकता असे.

त्याच दिवसांत आम्ही कुंभार पिंपळगावला गेलो. तेथे गावाच्या कडेला आपली मोजकी ख्रिस्ती घरे होती. अधूनमधून जालन्याहून कोणी जाई, उपासना घेई, परत येई. उपासना झाली, गाणी झाली, आणि बाईंनी कोंडाबाई नावाच्या मोलकरी बाईलाही तोच प्रश्न विचारला. कोंडाबाई चुलीपुढून उठल्यादेखील नाहीत.

“मला काय ठावं, बाई? तुमी येता, गाता, गाडी जुंपून जाता. मंग म्हैनाभर आमचं काय? देव बी तुमच्यासंगं जालन्याला जातो व्हय?”

बायका खो खो हसल्या. बाईही हसल्या. परतताना मात्र, परतूर स्टेशनच्या वाटेवर, बैलगाडीतून त्या मागे वळून गावाकडेच पाहत होत्या.

ईस्टरपूर्वी पंच बसले. इतके दिवस बाईंची तळमळ पाहून थोमाजींचेच मन फिरले होते. बाईंनी शाळेत राहावे, उत्तराची घाई नाही, असे त्यांनीच सर्वांकडून वदवून घेतले होते. बाई आत आल्या आणि म्हणाल्या, “माझ्यात काय कमी होतं ते कळलं. मी सगळीकडे पाहुणी होते. देवाच्या घरीसुद्धा. शाळा दुसऱ्या कोणाला द्या. मी कुंभार पिंपळगावला राहायला जाते.”

“आवं, आता कुठं जाता? राहा म्हनलं की आमी!” थोमाजी कळवळून म्हणाले.

“थोमाजी, बसले होते तेव्हा उठा म्हणत होतात. आता उठले, तर बसा म्हणता?”

पहिले वर्ष त्यांना जड गेले. हे त्यांनी कधी लपवले नाही. पाणी लांबून आणावे लागे, ताप येई, आणि संध्याकाळी शिकायला येते म्हणालेल्या बायका शेतातून थकून आल्या की फिरकत नसत. तरी त्या राहिल्या. आज तेथे बायका स्वतः उपासना चालवतात.

त्यांच्या मायेचा एक अनुभव सांगते. माझा धाकटा मुलगा गेल्यावर माझी प्रार्थना आटली होती. सांत्वनाला आलेल्यांनी पुष्कळ सांगितले. बाई माझ्याजवळ चार दिवस राहिल्या, घर सावरले, आणि निघताना एवढेच विचारले, “देवाला काय म्हणायचं टाळते आहेस?” त्या रात्री मी देवाशी भांडले. प्रार्थना तेथून पुन्हा सुरू झाली.

या वर्षी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या अंगणात तूर निवडत होत्या. शेजारी कोंडाबाई. मी धीर करून विचारले, “बाई, ते भरपूर जीवन मिळालं का हो शेवटी?”

बाईंनी मान वळवली. “कोंडाबाई, तुम्ही सांगा.”

“मला काय इचारता? आल्त्या तवा पाहुनीवानी समद्याला ‘बरं, बरं’ म्हनायच्या. आता खडा ऱ्हायला तर मलाच बोलून राह्यल्या सकाळपासून!”

“राहिलाच आहे खडा. हा काय!” बाई म्हणाल्या, आणि दोघी सुपावर वाकून पुन्हा भांडू लागल्या. मला उत्तर देण्याचे त्या विसरूनच गेल्या.

देवाने सगुणाबाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य द्यावे, डोळ्यांना नजर आणि गुडघ्यांना बळ द्यावे. आणि तेवढेच आयुष्य कोंडाबाईंनाही द्यावे.