कोरड्या कुंडीला पाणी

आज इंदूआत्याच्या नावाने प्याऊ सुरू झाला. मी गेले नाही.

ज्यांनी तिची झाडं पाणी घालून मारली, तेच आज तिच्या फोटोखाली उभं राहून लोकांना पाणी पाजतायत. माठांना लाल कापड, फोटोला हार, सगळ्यांचे स्टेटस. वा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळेतून रिटायर झाल्यावर इथेच बुऱ्हाणपुरात, लालबागला अण्णाकाकांकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे, वरच्या खोलीत राहायची. गच्चीवर तिच्या ग्लॅडिओलसच्या कुंड्या.

बियांपासून लावायची. बुऱ्हाणपूरच्या उन्हात!

सगळे हसायचे. आपण केळीवाले लोक. कंद लावायचा नाहीतर टिश्यू कल्चरचं रोप आणायचं, बी कोण लावतं?

अण्णाकाका म्हणायचे, "ताई, बाजारात कंद मिळतो. लगा दो और फूल ले लो. हे काय गवत पाळलंस?"

दिसायचं गवतच, खरं आहे. पहिली दोन वर्षं नुसती पाती.

"कंद लावला की तेच फूल परत येतं रे. बियाचा रंग कोणता निघेल, कोणालाच ठाऊक नसतं. मला बघायचाय."

एवढंच हवं होतं तिला. स्वतः लावलेल्या बियाचा रंग बघायचा होता.

ऊन वाढलं की पाती वाळायची आणि मातीत छोटे छोटे कंद उरायचे. मग ती पाणी साफ बंद करायची. पावसाचंही जाऊ नये म्हणून कुंड्या टाकीखाली आडव्या करून ठेवायची. थेट दिवाळीच्या सुमारास उठवायची.

मागच्या मे महिन्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. जळगावला ॲडमिट करायला निघालो. गाडीत बसता बसता तिने काकांचा हात धरला.

"यंदा फुलणार आहेत बघ. पाणी घालू नको बरं. झोपलेत ते."

काका हो हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं?

नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ आगीचे दिवस. काकांनी गच्चीवर जाऊन कुंड्या उभ्या केल्या आणि रोज पाणी सुरू केलं. मी अडवलं तर मलाच ऐकवलं, "अगं, या उन्हात दारच्या कुत्र्यालाही तहानलेलं ठेवत नाहीत. पाप लागतं. आणि आम्हाला शेती शिकवतेस?"

आत्या घरी आली तेव्हा काका कौतुकाने म्हणाले, "ताई, एक दिवस पाणी चुकवलं नाही."

तिने मातीत बोटं घातली. कंदांचा नुसता चिखल झाला होता. वास येत होता.

"तुला नको म्हटलं होतं ना रे?"

"त्यात काय ताई, बाजारातून दुसरे आणून देतो."

या वाक्याचा मला आजही राग येतो. तोंडावर सांगते, येतो.

पाऊस लागायच्या आत आत्या गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल. शेवटी तोंडात तापीचं पाणी घालायलाही काकाच पुढे.

नातेवाईक मला समजावतात, "उनकी नियत साफ थी, बेटा." असेल ना साफ. नियत साफ असली की माणसाचं ऐकायचं नसतं का?

दसऱ्याची साफसफाई करताना टाकीच्या मागे एक लहान कुंडी सापडली. घरंगळून भिंतीशी अडकली होती. काकांना दिसलीच नव्हती, म्हणून वाचली. मी ती गुपचूप माझ्या घरी आणली आणि दिवाळीला पाणी देऊन उठवली.

जानेवारीत फूल आलं. फिकट पिवळं, आत गळ्याशी विटकरी. असा रंग मी बाजारात कुठे पाहिला नाही. फोटो काढला नाही. जिला दाखवायचं होतं ती नव्हती, बाकीच्यांना दाखवून काय करू?

आज सकाळी काकांचा फोन आला. "ताईच्या नावाचं पुण्यकाम आहे, ये." मी फोन ठेवला.

आत्या, तुझी कुंडी माझ्या पलंगाखाली आडवी ठेवलीय. पाती वाळलीत. बाहेर आग ओततेय नुसती.

पाणी घातलेलं नाही. झोप तू.