खुशाली विचारायला सतरा हजार फुटांवर

जून महिन्यात जयपूरहून निघताना गळ्यात लोकरीचा मफलर घातलेली बाई दिसली तर लोक बघणारच. मफलर बॅगेत मावेना, म्हणून मी तो गळ्यातच ठेवला होता. दुर्गापुऱ्याच्या आमच्या गल्लीतून ऑटोपर्यंत पोचेस्तोवर दोघींनी विचारलं, "भाभीजी, तबियत ठीक है ना?" मला न्यायला आलेली माझी मुलगी मुक्ता चार पावलं लांबून चालत होती, ओळख नसल्यासारखी; आणि ऑटोपर्यंत सोडायला आलेले तिचे बाबा तिच्याही मागे.

हा बेत मुळात तिचा. ती गुडगावला नोकरी करते. मैत्रिणीबरोबर मनालीच्या वरचं, सतरा हजार फुटांहून उंच असं एक शिखर चढायचं तिनं ठरवलं होतं. ऐनवेळी मैत्रिणीचं लग्न ठरलं. "मग मी येते," मी म्हटलं. मुक्ता हसली आणि मी हसत नाही हे पाहून तिनं मैत्रिणीच्या जागी माझं नाव घातलं. मी बावन्न वर्षांची, मूळची भुसावळची; बदली होत होत जयपूर स्टेशनच्या चौकशी खिडकीत येऊन बसलेली. दोन महिने रोज पहाटे नाहरगडाचा चढ चढले. मुक्तानं मात्र जिममध्ये तयारी केली, तीही आरशासमोर.

मनालीत आमची माणसं भेटली. वाटाड्या टशी, पन्नाशीचा, मोजकंच बोलणारा. त्याचा मदतनीस रोशन. स्वयंपाकी खेमराज. आणि खेचरवाला बेलीराम. दोघी बायकांच्या दिमतीला चार पुरुष आणि तीन खेचरं! आमच्या लग्नातसुद्धा माझी एवढी बडदास्त नव्हती.

पहिल्या दिवशी देवदारांच्या सावलीतून आणि मग उघड्या कुरणातून आम्ही चढत होतो. दर वळणाला मी विचारायची, "और कितना?" टशी मागे न बघता म्हणायचा, "बस, आ ही गया." असं सहा वेळा झालं. सातव्यांदा माझ्या लक्षात आलं, हा सूर माझ्या ओळखीचा आहे. खिडकीत बसून मीच लोकांना गाडीबद्दल असं सांगत आले होते. मग मी विचारणंच सोडलं.

खालचा कॅम्प एका हिरव्या पठारावर होता. शेजारून ओढा वाहत होता आणि समोर बर्फाच्या भिंती. खेमराजनं सिड्डू (अक्रोडाचं सारण भरून वाफवलेली कणकेची जाड पोळी) केले होते, वर तुपाची धार. मी चार खाल्ले. मग हात रिकामे बसवेना, म्हणून स्वयंपाकाच्या तंबूत शिरले. खेमराजनं हात जोडले. "दीदी, आप बाहर बैठो. धूप अच्छी है."

"आई, तू असं घुसू नको ना," मुक्ता म्हणाली. तिचं मराठी जयपुरातच वाढलेलं. "मतलब, त्यांना बुरा वाटेल."

मी बाहेर बसले. पण सगळे पांगल्यावर ओढ्याकाठची खरकटी पातेली मला बघवेनात. घासून टाकली. पाणी असं की पाचव्या मिनिटाला बोटं माझी आहेत की परक्याची, ते कळेना.

नेमका तेव्हाच टशी रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन आला. माझ्या बोटाला लावलं आणि त्याचा चेहरा उतरला. यंत्राच्या मते मी जवळजवळ गेलेलीच होते. "सिर दर्द? चक्कर? उल्टी?" तो एकामागोमाग एक विचारत होता. रोशन माझी सॅक भरायला धावला. तेवढ्यात खेमराज चकचकीत पातेली घेऊन आला आणि खुलासा झाला. हात शेकून पुन्हा मोजल्यावर आकडा नीट आला. टशीनं एकच हुकूम काढला, "दीदी, आज से बर्तन बंद."

दोन दिवस बुटाखाली लोखंडी काटे बांधून बर्फावर चालायचा सराव केला. मी बदकासारखी चालत होते, मुक्ता हरणासारखी. तिसऱ्या दिवशी बेलीराम आणि खेचरांना खाली ठेवून बाकीचे वरच्या कॅम्पला गेलो आणि तिथे हरीण आजारी पडलं. मुक्ताचं डोकं ठणकत होतं. दोनदा उलटी झाली. टशीनं यंत्र लावलं आणि लगेच सांगितलं, "बेटी नीचे जाएगी. अभी." खेमराज आणि रोशन तिला घेऊन जाणार होते.

मी माझी सॅक भरायला लागले.

"तू कुठे?" मुक्तानं विचारलं.

"कुठे म्हणजे? तुझ्याबरोबर."

"नाही. आई, प्लीज. मतलब, तू आलीस ना, तर मला जास्त उलटी येईल. तू सारखी विचारशील, कसं वाटतंय, कसं वाटतंय."

मी टशीकडे बघितलं. तो दोरीची गाठ तपासत होता. "दीदी, बेटी अपने पैर से चल रही है. दो आदमी साथ हैं. आप नीचे जाकर क्या करोगे?"

मुक्ता झाल्यापासून सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग मी खेमराजला धरलं. आल्याचा काढा, कान झाकायचे, पाणी घोटघोट, झोपताना डोकं उंच. प्रत्येक सूचनेला तो "जी दीदी" म्हणाला. ते तिघं उतारावर लहान होत होत दिसेनासे झाले आणि मला रडू फुटलं. टशीनं चहाचा पेला हातात दिला.

"वॉकीटॉकी लगाओ ना," मी म्हटलं.

"यहाँ से नहीं लगेगा. बीच में पहाड़ है. ऊपर चोटी से लगेगा."

झालं. माझा प्रश्न मिटला. मला शिखरावर जायचंच होतं.

उजाडायच्या आधी निघालो. एका दोरीला टशी आणि मी. दहा पावलं चालायचं, उभं राहून धापा टाकायच्या, पुन्हा दहा पावलं. एका चढावर माझ्या बुटाचा काटा निसटला. मी वाकले तर उठवेना. टशीनं गुडघ्यावर बसून माझा बूट आपल्या मांडीवर घेतला आणि पट्टा आवळला. एरवी मी कुणाला पिशवीसुद्धा धरू देत नाही. तेव्हा मात्र लहान पोरीसारखी पाय पुढे करून उभी राहिले आणि मला लाजही वाटली नाही.

शेवटच्या कड्यावर वारा इतका होता की शिखर आलं हे टशीनं खांदा थोपटला तेव्हा कळलं. मी आधी वॉकीटॉकी हिसकावून घेतला.

"हाँ जी?" बेलीरामचा आवाज आला.

"मुक्ता कैसी है?"

"खाना खा रही है जी. राजमा-चावल. तीसरी प्लेट."

मग मुक्ता आली. तोंडात घास होता. "आई! तू टॉपवर आहेस? मतलब, सच्ची?"

"तुझं डोकं?"

"गेलं. मतलब, दुखणं गेलं. खालती आल्यावर लगेच. आई, तू आजूबाजूला बघ तरी!"

तेव्हा मी बघितलं. जिकडे बघावं तिकडे पांढरी शिखरं, खाली ढग, आणि वरचं आभाळ इतकं गडद निळं की काळंच म्हणावं. मनात मात्र एकच आलं: माझी पोर माझ्याशिवाय जेवतेय. आधी अपमान झाल्यासारखं वाटलं, अगदी खरं सांगते. आणि मग एकदम इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसत सुटले. माझ्या डोक्यावर परिणाम झाला समजून टशीनं घाईघाईनं यंत्र काढलं.

उतरताना बराचसा बर्फ मी बसूनच पार केला. पँट मागून फाटली. उरलेली वाट मी तो मफलर कमरेला बांधून उतरले. खालच्या कॅम्पवर खेमराजला विचारलं, "काढ़ा दिया था?" तो मान खाजवत म्हणाला, "दीदी, वो तो मैं भूल गया. उसने राजमा माँगा, मैंने दे दिया."

निरोपाच्या वेळी चौघांच्याही हातात हात दिला. बेलीरामनं हात देण्याआधी पँटला पुसला.

जयपूरला उतरलो तेव्हा फलाट तव्यासारखा तापला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता गुडगावला निघाली. तिला बसमध्ये बसवून घरी आले, पंखा लावला आणि आडवी झाले. जाग आली ती फोनच्या आवाजानं.

"आई, मी पोचले. तू एकदा पण फोन नाही केलास! मतलब, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "झोप लागली होती."

"तू? दुपारी?" ती घाबरलीच. "आई, बाबांना फोन दे."