झाशीत भेटलेलं नौदल

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते शाळेत मला शिकवणाऱ्या सुमनबाई देशमुखांचे. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "याला कॉलेजात घाला. मोंढ्यावर नेऊ नका." वडील भूमच्या मोंढ्यात हमाली करत. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे यंदा हिवाळ्यात बाईंनी एक काम सांगितलं तेव्हा मी लगेच रजा टाकली.

बाईंचा धाकटा भाऊ वसंत नौदलात बॉयलरवर होता. एकाहत्तरच्या युद्धातून तो सुखरूप परत आला. पुढे शांततेच्या काळात, एका जुन्या बोटीवर वाफेची नळी फुटून गेला. नौदलात जा, हा आग्रह बाईंचाच होता.

"तो मनाविरुद्ध गेला होता का, एवढंच विचारून ये," बाई म्हणाल्या. "माझे गुडघे साथ देत नाहीत. आणि उत्तर लेखी पाठव, फोनवर नको."

वसंतरावांच्या बोटीवरचे एक सोबती, दिनकरराव, झाशीला राहतात असं माजी नौसैनिकांकडून कळलं होतं.

दौंडला गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा झाशीच्या अलीकडचं बबीना स्टेशन मागे पडत होतं. दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी शेतं आणि त्यांत मध्येच कुणीतरी रचून ठेवल्यासारखे प्रचंड गोल दगड. झाशी स्टेशनच्या बाहेर थंडीनं बोटं आखडली. रिक्षावाल्याला म्हटलं, नेव्हीत होते ते दिनकरराव, सीपरी बाजार.

"नेवी?" तो हसला. "भैया, यहाँ तालाब में पानी टिक जाए तो बड़ी बात है. फौज कहिए."

मी नाही म्हणत असतानाच त्यानं मला छावणीच्या फाटकापाशी नेलं. तिथल्या जवानानं आम्हाला परत पाठवलं. सीपरी बाजारात मात्र पहिल्याच पानवाल्यानं घर दाखवलं. "अच्छा, जहाज वाले दद्दा."

दिनकरराव अंगणात उन्हाला बाजेवर बसले होते. त्यांचे वडील महाराष्ट्रातून येऊन इथल्या लोको शेडात फिटर झाले. घरात मराठी टिकली आहे, पण हिंदीच्या खांद्यावर हात ठेवून. सूनबाईंनी समोर गकरिया (शेणींच्या विस्तवावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याचं भरीत ठेवलं. नात ऋचा शेजारी लसूण सोलत होती. तिची नौदलात निवड झाली आहे. पुढच्या महिन्यात ती प्रशिक्षणाला जाणार.

"मला लहानपणापासून आगीची सवय," दिनकरराव म्हणाले. "नेव्हीनं विचारलं, वडील काय करतात? इंजिनं दुरुस्त करतात म्हटलं. झालं, टाकलं बॉयलरवर."

पहिली बोट इंग्रजांच्या वेळची. खाली इतका उष्मा, की घाम वाळून सदऱ्यावर मीठ फुटायचं. मग सोव्हिएत देशातून नव्या बोटी आल्या. त्या आणायला हे बर्फात गेले. यंत्रांवर सगळी रशियन अक्षरं. यांनी खाली देवनागरीत चिठ्ठ्या डकवल्या. त्यानंतर युद्ध झालं. पुढे देशात बांधलेल्या बोटी आल्या, बॉयलर जाऊन गॅस टर्बाइन आलं.

"पूर्वी वाफ धरायला तासन्‌तास जायचे. नंतर बटण दाबलं की बोट तयार. मी शेवटी थंड खोलीत पडद्यासमोर बसायचो. हात काळे होईनात, तर पगार घ्यायची लाज वाटायची."

"इनको एसी में भी पसीना चाहिए था," ऋचा म्हणाली.

मग मी बाईंचा प्रश्न विचारला. दिनकररावांनी ताटली बाजूला सारली.

"खूश होता. एकदम खूश. बहिणीला तसंच सांगा."

माझा जीव भांड्यात पडला. पण ऋचाचे हात थांबले होते.

"आजोबा, मुझे तो आपने कुछ और बताया था."

"तू गप बस."

"नाही बसणार. मी जाणार आहे तिथे. मला एक सांगता, यांना दुसरं?"

मग दिनकररावांनी खरं ते सांगितलं. वसंतराव खाली उतरताना दर वेळी शिडीपाशी थांबत. युद्धात घाबरायला फुरसत नव्हती. भीती शांततेत वाढली. त्यांनी दोनदा किनाऱ्यावर बदली मागितली, ती मिळाली नाही.

"पण संध्याकाळी आम्हाला गणित शिकवायचा, बढतीच्या परीक्षेसाठी. माझं चुकलं की टेबलावर थाड्‌कन हात आपटायचा. म्हणायचा, माझी ताई असंच शिकवते. त्याच्यामुळे पास झालो, म्हणून तर टर्बाइनच्या बोटी पाहिल्या मी."

"बहिणीवर राग होता?" मी विचारलं.

"माझ्यासमोर तरी कधी काढला नाही. मनातलं मी कसं सांगू?"

ऋचानं मला स्कूटीवरून स्टेशनला सोडलं. वाटेत ती जे बोलली ते पुढे येईलच. परतीच्या गाडीत मी नौदलाचाच विचार करत होतो. कोळसा गेला, वाफ गेली, यंत्रावरची अक्षरं बदलली. आता मुलीही बोटीवर जातात. पण शिडीनं खाली उतरणारं माणूस प्रत्येक वेळी कुणाच्या तरी घरातलंच असतं. बाईंना लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत 'खूश होते' असं लिहून गेलो. तो कागद फाडला. दुसरा पाठवला तो असा:

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

वसंतराव तिथे खूश नव्हते. त्यांना बॉयलरजवळ उतरायची भीती वाटायची. दोनदा त्यांनी बदली मागितली होती. तुम्हाला त्यांनी दोष दिल्याचं दिनकररावांना आठवत नाही. त्यापलीकडचं कुणालाच माहीत नाही. संध्याकाळी ते खलाशांना गणित शिकवत, तुमच्यासारखा टेबलावर हात आपटून. दिनकरराव त्यांच्यामुळे पास झाले.

दिनकररावांची नात ऋचा पुढच्या महिन्यात नौदलात जाते आहे. तिलाही भीती वाटते. घरात तिनं सांगितलेलं नाही, मला स्टेशनच्या वाटेवर सांगितलं. 'त्या बाईंशी बोलता येईल का?' असं तिनं विचारलं. मी तुम्हाला न विचारताच हो म्हणालो आणि तुमचा नंबर दिला. रविवारी तिचा फोन येईल. ती बहुतेक हिंदीत बोलेल, पण मराठी तिला समजते.

जा किंवा जाऊ नको, हे तिला लगेच सांगू नका. आधी तिचं ऐकून घ्या, बाई.

तुमचा विद्यार्थी,
रमेश