चपला काढून आलेले झोंबी

माझ्या भाचीने काढलेला झोंबीपट पहिल्यांदा लोकांसमोर आला तो डोंबिवलीतल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी चार वाजता, समई पेटवून. समई पेटवणाऱ्या आजोबांना झोंबी म्हणजे काय हे ठाऊक नसावं. ज्येष्ठ नागरिकांचं एक मंडळ तिथे महिन्यातून एकदा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा करतं. मी वयात बसत नाही, पण खुर्च्या लावायला जातो. त्या महिन्याचा ठरलेला चित्रपट ऐनवेळी मिळाला नाही, तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो, ‘आमच्या घरचा एक आहे. कौटुंबिक आहे.’ खोटं नव्हतं ते. त्यात अर्धं कुटुंब होतं, फक्त तोंडाला रक्त लावलेलं.

भाची म्हणजे ताईची मुलगी. राहतात ठाण्याला, कोपरीत. नोकरी सोडून तिने हा उद्योग आरंभला तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भावोजींनी, तिला एक वर्ष दिलं होतं. ते संपलं होतं. भावोजींनी एका पतसंस्थेत शब्द टाकून ठेवलेला. ‘रविवारी लोक काय म्हणतात ते ऐकू,’ ते तिला म्हणाले. ‘मी माझं मत देणार नाही. लोकांना आवडला तर कर पुढचा. नाही आवडला तर सोमवारी मी फोन करतो आणि एक तारखेपासून तू कामाला जायचं.’ भाचीने मान्य केलं. तिला खात्री असावी. मलाही होती, पण मी खुर्च्या लावणारा माणूस.

सिनेमाची गोष्ट अशी, की एका इमारतीत टँकरचं पाणी येतं, ते पिणाऱ्याला काहीतरी होतं आणि तो दुसऱ्याला चावत सुटतो. भाचीचे मित्र दिवा स्टेशनजवळ राहणारे, जिथे नळापेक्षा टँकरचीच वाट जास्त बघतात. टँकर बघून अंगात संचार होणं हा अभिनय त्यांना शिकवावा लागला नाही. रक्त गुळाच्या पाकात लाल रंग घालून केलेलं. चित्रीकरण इथे डोंबिवलीजवळ कोपरला, आमच्याच घरात. मला तिने झोंबींचा म्होरक्या केला. मी विचारलं, चालायचं कसं? ती म्हणाली, ‘मामा, तू काही करू नकोस. फक्त नेहमीसारखा चाल.’ माझ्या गुडघ्यांचं आयुष्यात पहिल्यांदा चीज झालं.

तर हॉलमध्ये अंधार झाला. पहिला अर्धा तास लोकांनी सहन केला. मग तो प्रसंग आला. नायिका आतल्या खोलीत लपलेली आहे, दार फुटतं, आणि अकरा झोंबी गुरगुरत जिन्यातून वर येतात. सगळ्यांत पुढे मी. दारापाशी आलो, थांबलो, डाव्या पायाच्या अंगठ्याने उजवी चप्पल काढली, मग दुसरी काढली, पायानेच दोन्ही भिंतीशी सारल्या आणि हात पुढे करून गुरगुरत आत शिरलो. मागच्या दहा जणांना वाटलं, असंच सांगितलेलं असणार. त्यांनीही काढल्या. एकाच्या सँडलचा पट्टा सुटल्याचा चर्र असा आवाज स्पष्ट ऐकू आला. एकाने तोल जाऊ नये म्हणून चौकट धरली. मग सगळे अनवाणी आत येऊन नायिकेला खायला निघाले.

हॉलमध्ये हशा झाला, आणि मग संपेपर्यंत थांबला नाही. मेलं कोणी तरी लोक हसत होते. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘अहो, सुरुवात तुम्ही केलीत.’

चित्रीकरणाच्या वेळी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या घरात मी वीस वर्षं चप्पल घालून शिरलेलो नाही. झोंबी झालो म्हणून काय लगेच सवय जाते?

दिवे लागले आणि चर्चा सुरू झाली. मंडळाचा नियम असा, की प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, मग एक निवृत्त मुख्याध्यापिका घंटा वाजवतात. भाचीला वर खुर्चीत बसवलं होतं. मांडीवर शाल, हातात नारळ. सत्कार आधी उरकून घेतला होता ते बरं झालं, नंतर कोणी केला नसता.

पहिली घंटा बाईंनी स्वतःसाठीच वाजवली. ‘सव्वा तासात एकही माणूस डॉक्टरकडे जात नाही. आमच्या एका गल्लीत चार दवाखाने आहेत. ह्यांना ताप आला, फेस आला, आणि हे गच्चीवर जातात. का?’

टाळ्या पडल्या.

स्वेटर घातलेले एक गृहस्थ उठले. ते दर महिन्याला उठतात. ‘नायिका दुसऱ्याच दृश्यात त्याच टँकरचं पाणी पिते. मी बघितलं. तिला काही होत नाही. मग उरलेल्यांनी काय घोडं मारलं होतं?’

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. त्यांचा आक्षेप कलेवर नव्हता. ‘टँकर आमच्या गेटवर दाखवलाय. पाटी दिसते. माझा एक भाडेकरू ठरत आलाय, त्याने हे बघितलं तर तो काय समजेल?’

मागून भाचीच्याच वयाचा एकजण म्हणाला, ‘ताई, झोंबी स्लो आहेत की फास्ट ते एकदा ठरव ना यार. जिन्यात पळतात, आणि तो पुढचा अंकल तर रेशनच्या लायनीत असल्यासारखा चालतोय.’

मी मान खाली घातली.

स्वेटरवाले पुन्हा उठले. ‘आणि चपलांचं काय? माणूस खायला चाललेत आणि चपला काढून चाललेत. दिग्दर्शिकाबाई त्या वेळी कुठे बघत होत्या?’

भाची माईकवर एवढंच म्हणाली, ‘ती माझी चूक आहे.’

शेजारी बसलेले भावोजी स्वतःशीच म्हणाले, ‘झालं.’ त्यांनी खिशातून फोन काढून हातात घेतला. सोमवार उजाडायचा होता, पण त्यांचं ठरलेलं दिसत होतं. मला बसवेना. मी उठलो, माईक मागून घेतला आणि म्हणालो, ‘तो पुढचा झोंबी मी. चपला मी काढल्या. तिचा काही दोष नाही.’

इथे मी खाली बसायला हवं होतं. पण लोक हसले, आणि लोक हसले की माझा ताबा सुटतो. मी लहानपणच्या वळणाबद्दल बोललो. गुडघ्यांबद्दल बोललो. बायकोने नव्या बसवलेल्या लाद्यांबद्दल बोललो. घंटा वाजली. मी म्हटलं, शेवटचा मुद्दा. घंटा परत वाजली. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही सिनेमातही थांबत नाही आणि इथेही नाही.’

स्वेटरवाल्यांनी बसल्या जागेवरून समारोप केला. ‘म्हणजे ह्यांच्या सिनेमात नटाच्या मनाला येईल ते होतं, असं आपण समजायचं.’

मी तिला वाचवायला गेलो होतो. बसलो तेव्हा तिचा होता नव्हता तो मान गेलेला होता.

चहा-बिस्किटं झाल्यावर आम्ही चौघं खाली रस्त्यावर आलो. ताई आली नव्हती. तिला रक्त बघवत नाही, गुळाचंसुद्धा. मी भाचीला म्हणालो, ‘अगं, मी आपलं खरं तेच सांगितलं.’

‘तुला उठायला कोणी सांगितलेलं?’ तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. ‘कॅमेरा माझ्या हातात होता, मामा. चपला मी तेव्हाच बघितल्या.’

‘मग परत का नाही घेतलास?’

‘मामी फडकं घेऊन खाली बसलेली. सगळीकडे गुळाचा चिकटा. एक शब्द न बोलता पुसत होती. तिला कुठे म्हणू, ऊठ, परत सांडायचंय? मला लाज वाटली. म्हटलं, कोणाला दिसणार नाही.’ तिने नारळ दुसऱ्या हातात घेतला. ‘वर ते काका बोलले ते बरोबर बोलले. तू उगाच मध्ये येऊन त्याचा तमाशा केलास.’

बायको म्हणाली, ‘विचारायचंस तरी. मी काय खाल्लं असतं तुला?’

‘पुढच्या वेळी विचारीन.’

‘पुढच्या वेळी म्हणजे?’ भावोजींनी विचारलं.

‘मे महिन्यात. दिव्याला. तेव्हा तिथे पाणी नसतं.’

‘लोक काय म्हणाले ते ऐकलंस ना? एकाने तरी बरं म्हटलं का?’

‘ऐकलं.’ तिने पर्समधून कार्यक्रमपत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने सगळं उतरवून घेतलं होतं. डॉक्टर. नायिका आणि पाणी. पाटी झाकणे. सगळे झोंबी पळणारे. वर खुर्चीत बसून, मांडीवरच्या शालीखाली लिहिलेलं, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं होतं.

भावोजींनी चष्मा वर करून दोन्ही बाजू वाचल्या, आभारप्रदर्शनासकट. मग कागद घडी घालून तिला परत दिला.

‘सोमवारचा फोन मी करणार नाही,’ ते म्हणाले. ‘तूच कर, आणि नाही म्हणून तूच सांग. त्या माणसासमोर माझा शब्द जाईल ते वेगळं. मला सिनेमा आवडला असं समजू नकोस. भिकार होता.’

‘माहितीये,’ भाची म्हणाली.

‘आणि ह्यांना परत घेणार आहेस?’ त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

‘नाही. मामा नाही.’

बायकोने मान डोलावली. त्या दुपारच्या एवढ्या सगळ्या मतांमध्ये, मला वाटतं, ह्या एकाच गोष्टीवर कोणाचंही दुमत नव्हतं.